वृद्धाश्रमातल्या खाटेपर्यंत उपचार कसे पोहोचतात

आई-वडिलांसाठी जागा बघायला गेलेली मंडळी हमखास विचारतात, "डॉक्टर येतात ना?" उत्तर बहुतेक ठिकाणी "हो, दर आठवड्याला येतात" असं मिळतं, आणि ते खरंही असतं. पण आठवड्याचे तास १६८. डॉक्टर त्यातला एखादा-दुसरा तास तिथे असतात. बाकीच्या वेळात आजींचा श्वास वाढला, आजोबांनी दोन दिवस नीट पाणी घेतलं नाही, टाचेवर चट्टा उठला, तर ते कोणाच्या लक्षात येतं, कोणाला कळवलं जातं आणि पलीकडचा माणूस काय करतो? सगळी मदार यावर असते. म्हणून डॉक्टरांच्या फेरीइतकंच लक्ष या मधल्या तासांकडे द्यायला हवं.

शब्दांचा एक घोळ आधी मिटवू. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हणजे छोटं रुग्णालय. महाराष्ट्रात त्याची नोंदणी १९४९च्या कायद्याखाली होते. वृद्धाश्रमांचा उल्लेख २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आहे. अंथरुणाला खिळलेल्या, स्मृतिभ्रंश झालेल्या, नाकात नळी किंवा कॅथेटर (लघवीची नळी) असलेल्या वृद्धांना सांभाळणारी सुश्रूषा केंद्रं या दोन्हींच्या मधे पडतात. तिथल्या माणसाची गरज रुग्णाची असते, व्यवस्था मात्र बऱ्याचदा निवासाची असते. हा लेख त्या केंद्रांबद्दल आहे.

इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२०पासून प्रत्येक केअर होम (वृद्धांचं निवासी सुश्रूषा केंद्र) जवळच्या डॉक्टरांच्या गटाशी जोडलेलं आहे. त्या होमसाठी जबाबदार व्यक्ती नावानिशी ठरलेली असते, दर आठवड्याला फेरी होते आणि नवीन माणूस दाखल झाला की सात कामकाजी दिवसांत त्याचा काळजी-आराखडा तयार व्हावा अशी अपेक्षा असते. नेदरलँड्सनं तर वृद्धांच्या निवासी शुश्रूषेसाठी डॉक्टरांची वेगळी विशेषज्ञ शाखाच उभी केली. आपल्याकडे असं काही सरकारी पातळीवर होईल तेव्हा होवो. पण जबाबदार माणूस नावानिशी ठरवणं आणि त्याची फेरी पक्की करणं याला कायदा लागत नाही. केंद्रचालक आणि डॉक्टर यांच्यात एका कागदावर लेखी ठरलं तरी पुरतं: फेरीचा वार कोणता, रात्री फोन कोणी उचलायचा आणि डॉक्टर गावाला गेले तर बदली कोण.

सगळ्यात आधी हवी ती माणसाची 'नेहमीची' नोंद. दाखल झाल्यावर पहिले तीन दिवस, तो बरा असताना, सकाळ-संध्याकाळ ताप, नाडी, श्वास, रक्तदाब आणि ऑक्सिजन मोजून ठेवायचा. वजन घ्यायचं. उभं राहता येत नसेल तर पोटरीचा घेर टेपनं मोजायचा, आणि तो ३१ सेंटिमीटरच्या खाली असेल तर कुपोषणाची शंका घ्यायची. जेवण किती, झोप कशी, बोलणं कितपत सुसंगत, तेही लिहायचं. हे का लागतं? वय झालेल्या शरीराचा पारा फारसा चढत नाही. तरुणाला न्यूमोनियात १०२ ताप येतो, ऐंशीच्या आजींना ९९.४च येतो, आणि मापक बघणारा निर्धास्त होतो. दीर्घकालीन शुश्रूषेसाठी तापाचे निकष म्हणूनच वेगळे आहेत: तोंडात मोजलेला ताप एकदा १००च्या वर, किंवा वारंवार ९९च्या वर, किंवा त्या माणसाच्या नेहमीच्या तापमानापेक्षा दोन अंश फॅरनहाइटनं जास्त. यातला तिसरा निकष नेहमीचा आकडा माहीत असल्याशिवाय लावताच येत नाही.

श्वास मोजायला यंत्र लागत नाही आणि म्हणूनच तो मोजला जात नाही. पोटावर हलका हात ठेवून पूर्ण एक मिनिट घड्याळ बघायचं. मिनिटाला २५ किंवा जास्त भरले तर ताप नसला तरी फुफ्फुसाचा संसर्ग डोक्यात यायला हवा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं की चूक होते, कारण वृद्धांचा श्वास एका लयीत नसतो.

बदल सगळ्यात आधी दिसतो तो मावशींना. रोज अंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या बाईला कळतं की आज्जी आज घास गालात धरून बसल्या, बोलल्या नाहीत, उठवताना जड लागल्या. अमेरिकेत यासाठी बारा खुणांचं एक छोटं कार्ड वापरतात: कमी बोलणं, कमी खाणं-पिणं, तीन दिवस शौच नाही, अंगाचा रंग बदलणं अशा गोष्टींवर गोल करायचा आणि सिस्टरच्या हातात द्यायचं. मराठीत असं कार्ड चित्रांसकट छापायला फार खर्च नाही. कागद मात्र एकटा चालत नाही. मावशींनी सांगितलेलं "म्हातारपणात चालायचंच" म्हणून दोनदा उडवून लावलं की तिसऱ्यांदा त्या सांगत नाहीत.

मग फोन. रात्री नऊ वाजता डॉक्टरांना फोन जातो, "आजींना बरं नाहीये, कधी येताय?" पलीकडे दिवसभर दमलेला माणूस असतो. त्याच्या हाताला काहीच लागत नाही, म्हणून तो म्हणतो, "पॅरासिटामॉल द्या, सकाळी बघू." तोच फोन असा करून बघा: "डॉक्टर, सिस्टर बोलतेय. सात नंबरच्या आजी, वय ८२, मधुमेह आहे, मागच्या वर्षी अर्धांगवायू झालेला. काल संध्याकाळपासून जेवल्या नाहीत, आज दुपारपासून गुंगीत आहेत. ताप ९९.४, नेहमी ९७ असतो. श्वास २८, ऑक्सिजन ९१, नेहमी ९६. नाडी १०४, बीपी ११०/६०, साखर १४८. छातीत संसर्ग वाटतोय. तुम्ही तासाभरात बघता का हलवू?" अर्ध्या मिनिटाचं बोलणं आहे. यात परिस्थिती, पूर्वेतिहास, मोजमाप आणि नेमकी मागणी, चारही गोष्टी आल्या. असा फोन आल्यावर "सकाळी बघू" म्हणणं कोणालाही जड जातं. हा क्रम फोनजवळच्या भिंतीवर लावावा आणि फाइल हातात घेतल्याशिवाय नंबर फिरवू नये.

व्हिडिओ सल्ला मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांमुळे नियमात बसलेला आहे आणि रुग्णाच्या बाजूला आरोग्य कर्मचारी असेल तर तो फार उपयोगी पडतो. त्वचा, जखम, चाल, श्वास कॅमेऱ्यात दिसतात. पोट कडक आहे का ते दिसत नाही. अमली पदार्थ कायद्याखालची मॉर्फिनसारखी औषधं या मार्गानं लिहून देता येत नाहीत, त्यामुळे कर्करोगाच्या वेदना असलेल्या माणसासाठी डॉक्टरांची प्रत्यक्ष भेट आधीच ठरवून ठेवावी लागते.

एका चुकीवर थोडं थांबतो, कारण ती फार घडते. आजोबा अचानक बरळायला लागले, लघवीला वास येतोय, तपासणीत जंतू सापडले, की अँटिबायोटिक सुरू. पण अशा केंद्रांत राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांपैकी पाव ते निम्म्या जणींच्या लघवीत एरवीही जंतू असतात, त्रास काहीच नसतो. कॅथेटर महिनाभर राहिला की जवळपास सगळ्यांच्याच लघवीत सापडतात. त्यामुळे जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं यातलं काही नसताना नुसत्या रिपोर्टवर औषध दिलं तर खरं कारण मागेच राहतं. आणि अचानक बरळण्याची कारणं बऱ्याचदा अगदी साधी असतात: चार दिवसांचा मलावरोध, तुंबलेली लघवी, पाणी कमी पडणं, न सांगता येणारी वेदना, परवा सुरू केलेली सर्दीची किंवा झोपेची गोळी.

गोळ्यांची साखळी तर प्रत्येक केंद्रात सापडेल. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन दिलं, त्यानं घोट्याला सूज आली. सुजेसाठी लघवीची गोळी आली. रात्री चारदा उठावं लागलं आणि अंधारात बाथरूमकडे जाताना पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. प्रत्येक गोळी देणारा डॉक्टर वेगळा असतो आणि त्याच्यापुरता तो बरोबर असतो. म्हणून तीन ते सहा महिन्यांनी सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांसमोर ओताव्यात आणि प्रत्येक गोळीबद्दल "ही आजही हवी का?" हे विचारावं. नळीवाटे द्यायची म्हणून एसआर, ईआर लिहिलेल्या (औषध हळूहळू सोडणाऱ्या) किंवा आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या गोळ्या कुटू नयेत. दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो, नाहीतर पोटातल्या आम्लानं औषध वाया जातं.

आता संलग्न सेवा. फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ, दंतवैद्य यांना 'परवडलं तर' या यादीत टाकलं जातं, ते चुकीचं आहे. निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवून केलेल्या एका अमेरिकी प्रयोगात त्यांच्या पायांचा सुमारे एक किलो मांसल भाग घटला होता. आजारी माणसाचं नुकसान याहून कमी असेल असं मानायला जागा नाही. फिजिओनं आठवड्यातून दोनदा येऊन वीस मिनिटं व्यायाम करून घेणं पुरत नाही. त्यानं मावशींना आणि वॉर्डबॉयना उठवण्या-बसवण्याची पद्धत शिकवायची, आणि प्रत्येक जेवणाआधी खुर्चीतून पाच वेळा उभं करणं ही रोजची गोष्ट करून टाकायची. वॉकरची उंचीही त्यानंच ठरवायची: माणूस ताठ उभा, हात सैल सोडलेले, आणि वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेशी. पुष्कळ ठिकाणी एकच वॉकर सगळ्यांत फिरतो आणि उंच माणूस त्यावर वाकून चालतो. एका केंद्राला एकट्यानं फिजिओ परवडत नसेल तर जवळच्या तीन-चार केंद्रांनी मिळून अर्धे-अर्धे दिवस वाटून घ्यावेत. मालिश करून देणारा माणूस म्हणजे फिजिओ नव्हे, पदवी आणि नोंदणी विचारावी. वाचा-उपचारतज्ज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते.

वाचा-उपचारतज्ज्ञ फक्त बोलायला शिकवतो असा समज आहे. गिळण्याची तपासणी हेही त्याचंच काम. अर्धांगवायू, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश यांत घोट श्वासनलिकेत जातो, आणि दरवेळी ठसका लागतोच असं नाही. पाण्यासारखं पातळ सगळ्यात अवघड, कारण ते घशात वेगानं उतरतं. दूध-पोळी, पातळ आमटीतला भात यांत घट्ट आणि पातळ एकत्र येतं, तेही अवघड. तज्ज्ञानं "किंचित दाट" सांगितलं तर ते किती, हे ठरवायला जगभर एक साधी चाचणी वापरतात. दहा मिलीची सिरिंज घ्यायची, शून्यापासून दहाच्या खुणेपर्यंतचं अंतर ६१.५ मिलिमीटर असलेली. दट्ट्या काढायचा, टोक बोटानं बंद करून दहापर्यंत ताक किंवा पेज भरायची, बोट काढून दहा सेकंद वाहू द्यायची आणि पुन्हा बंद करायची. एक ते चार मिली उरलं तर पहिली पातळी, चार ते आठ उरलं तर दुसरी, आठच्या वर तिसरी. सकाळची पेज दुपारपर्यंत घट्ट होते, म्हणून चाचणी भरवायच्या वेळीच करायची. भरवताना पाठ ताठ, नंतर अर्धा तास तसंच बसवायचं. स्वतःच्या अंदाजानं सगळंच दाट करून टाकणं मात्र टाळा. दाट पाणी लोक कमी पितात आणि शरीर कोरडं पडतं.

तोंडाची स्वच्छताही फुफ्फुसांशी जोडलेली आहे. जपानमधल्या ११ शुश्रूषागृहांत दोन वर्षं केलेल्या अभ्यासात काळजीवाहकांनी प्रत्येक जेवणानंतर दात घासून दिलेल्या गटात ११ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, दुसऱ्या गटात १९ टक्के. नंतर अमेरिकेत क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या, ब्रश आणि ताठ बसवून भरवणं असा एकत्र प्रयोग झाला, त्यात असा फायदा दिसला नाही. म्हणजे प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. तरीही मऊ ब्रश, ओलं गॉज, रात्री काढून पाण्यात ठेवलेली कवळी यांत तोटा काही नाही, आणि दुखणारा दात हे जेवण सोडण्याचं कारण असतं हे दंतवैद्यानं तोंड उघडून बघितल्यावरच कळतं. फिरत्या वाहनांतून शिबिरं घेणाऱ्या दंतमहाविद्यालयांना आपणहून बोलावणं पाठवावं.

बेडसोरबद्दल एकच सांगतो. 'लाल झालं का बघा' ही सूचना सावळ्या कातडीवर फसते. माकडहाड, टाच, खुबा इथे बोटांच्या मागच्या बाजूनं स्पर्श करून बघायचा. शेजारच्या कातडीपेक्षा गरम, टणक किंवा लिबलिबीत लागलं तर जखम आत सुरू झाली आहे. तिथे चोळायचं नाही, भोकाची रिंग ठेवायची नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवायच्या. एअर बेड असला तरी कूस बदलणं सुटत नाही.

खर्चाची बाजूही सांगायला हवी. सत्तरीपुढच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कवच ऑक्टोबर २०२४पासून लागू झालं, पण ते रुग्णालयात भरती झाल्यावरचं. खाटेपाशी येणाऱ्या फिजिओची किंवा दंतवैद्याची फी त्यातून मिळत नाही. ती महिन्याच्या शुल्कात कुठे बसते, हे दाखल होतानाच लेखी विचारावं.

शेवटी रुग्णालयात हलवायची वेळ येते तेव्हा सोबत काय जातं? बहुतेकदा एक घाबरलेला वॉर्डबॉय आणि प्लास्टिकच्या पिशवीत जुने रिपोर्ट. त्याऐवजी एकाच पानावर चालू औषधं, अॅलर्जी, नेहमीचे आकडे, नेहमीची शुद्ध आणि नातेवाइकांचा फोन हवा. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण 'नेहमी नाव सांगतो' हे त्यात लिहिलेलं असेल तर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला आजचं गप्प राहणं नवीन आहे हे कळतं. परत आल्यावर त्याच दिवशी डिस्चार्ज कार्ड आणि जुनी यादी शेजारी ठेवून एकेक औषध जुळवायचं, नाहीतर एकच औषध दोन वेगळ्या नावांनी दोनदा सुरू राहतं. आणि त्याच पानाच्या पाठीमागे आजींचं स्वतःचं म्हणणं असावं: व्हेंटिलेटर हवा का, नळी हवी का, शेवटी कुठे राहायचं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये अशा पूर्वसूचनेला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. ते पान आजींना नीट बोलता येतंय तेव्हाच भरायचं असतं.