बडोद्याचं जड पाणी

बडोद्यातल्या मराठी घरांत 'जड पाणी' म्हटलं की आधी बोअरचं पाणी आठवतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्याच्या तळाला पांढरा थर बसतो, ते पाणी. आजव्याच्या तलावाचं पाणी गोड आणि बोअरचं जड, अशी वाटणी इथल्या कुठल्याही स्वयंपाकघरात ऐकायला मिळते. फर्टिलायझरनगरला खत कारखान्याच्या शेजारी जे उंच मनोरे उभे राहिले, तिथलं जड पाणी मात्र निराळं. शहरात त्याला सगळेच 'हेवी वॉटर' म्हणतात आणि बहुतेकांची माहिती या दोन शब्दांपाशीच संपते.

मी लहान होतो तेव्हा डांडिया बाजारात मोठी माणसं आवाज खाली आणून सांगत, तिथं बॉम्बचं काम चालतं. पुढे वाचायला लागल्यावर कळलं, की त्या कारखान्यात अणुभट्टी नाही. तिथला धोका अमोनियाचा, हायड्रोजनचा आणि प्रचंड दाबाचा. पण ती माणसं अगदीच चुकत होती असंही नाही. वीज आणि बॉम्ब यांच्यामधली रेघ आपल्या देशात कुठून गेली हे पाहायचं, तर या पाण्याची गोष्ट मुळापासून समजून घ्यावी लागते.

कुठल्याही पाण्यात, आजव्याच्या तलावातसुद्धा, थोडं जड पाणी असतंच. हायड्रोजनच्या साधारण साडेसहा हजार अणूंमागे एक अणू ड्युटेरियमचा, म्हणजे दुप्पट वजनाच्या हायड्रोजनचा असतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड युरी यांनी १९३१ मध्ये तो शोधला आणि त्यासाठी त्यांना १९३४ चं नोबेल मिळालं. हे अणू वेचून त्यांचंच पाणी केलं, तर ते साध्या पाण्यापेक्षा सुमारे ११ टक्के जड भरतं आणि ३.८ अंशांनाच गोठतं. किरणोत्सारी नसतं. त्याचं मोल आहे ते अणुभट्टीत. युरेनियमचा अणू फुटताना सुटणारे न्यूट्रॉन फार वेगात असतात. तो वेग उतरला तरच ते पुढचे अणू सहज फोडतात. साधं पाणी वेग उतरवतं, पण बरेच न्यूट्रॉन गिळूनही टाकतं. जड पाणी जवळजवळ गिळत नाही. त्यामुळे खाणीतून निघालेलं युरेनियम, ज्यात सहज फुटणाऱ्या युरेनियम-२३५ चा वाटा जेमतेम ०.७ टक्के असतो, ते समृद्ध न करता, म्हणजे २३५ चा वाटा न वाढवता, तसंच वापरता येतं.

समृद्ध युरेनियमसाठी कुणाच्या दारात जायला नको, हे या भट्टीचं आकर्षण. आणि अशाच भट्टीत, इंधन थोडे दिवस ठेवून काढलं, तर बॉम्बला चालेल असं प्लुटोनियमही मिळतं. पुढची सगळी भांडणं या दोन वाक्यांतून निघाली आहेत.

दुसऱ्या महायुद्धातच जगाला हे उमगलं होतं. जर्मनांच्या ताब्यात गेलेल्या नॉर्वेतल्या वेमॉर्कच्या कारखान्यात जड पाणी तयार होई. फेब्रुवारी १९४३ मध्ये नॉर्वेच्याच तरुणांनी बर्फातून स्कीवर जाऊन तो उडवला आणि वर्षभरानं उरलेलं पाणी जर्मनीला नेणारी बोट तलावात बुडवली. पाण्यासाठी माणसं जिवावर उदार झाली, कारण ते कुणाच्या हाती जातं यावर बरंच काही ठरणार होतं.

आपल्याकडे होमी भाभांनी पन्नासच्या दशकात त्रिस्तरीय कार्यक्रम मांडला तेव्हा पहिल्या टप्प्याला जड पाण्याच्या भट्ट्याच धरल्या होत्या. देशात युरेनियम थोडं, थोरियम भरपूर. तेव्हा नैसर्गिक युरेनियमपासून सुरुवात करून प्लुटोनियम साठवायचं आणि त्याच्या जोरावर थोरियमपर्यंत पोचायचं, असा तो हिशोब. तुर्भ्याची ४० मेगावॉटची 'सायरस' भट्टी कॅनडानं दिली आणि तिच्यासाठी जड पाणी अमेरिकेनं दिलं. १९५६ च्या करारात भारतानं लिहून दिलं, की या पाण्याचा वापर शांततामय कामांसाठीच होईल. १९६० मध्ये सायरस सुरू झाली. 'शांततामय' या शब्दाचा अर्थ कोण लावणार, हे त्या कागदावर नव्हतं.

आपलं पहिलं जड पाणी पंजाबात नांगलला झालं. १९६२ मध्ये, भाक्राच्या विजेवर, खत कारखान्याच्या जोडीनं, वर्षाला जेमतेम १४ टन. वीज देणाऱ्या एकेका भट्टीला शेकडो टन लागतात. म्हणजे मोठ्या प्रमाणावर करायचं तर दुसरी वाट शोधायला हवी होती, आणि ती वाट बडोद्याला आली.

भाभा १९६६ च्या जानेवारीत विमान अपघातात गेले. त्यांच्यामागून अणुऊर्जा आयोगाची धुरा विक्रम साराभाईंकडे आली. साराभाईंना बडोदं परकं नव्हतं. त्यांच्या घराण्याचा साराभाई केमिकल्सचा कारखाना इथंच होता. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं आणि त्रिभुवनदास गज्जरांनी तिथं रसायन-रंगांचं शिक्षण रुजवलं, तेव्हापासून या शहराला रसायनांची सवय आहे. साठच्या दशकात कोयलीची रिफायनरी आली, पाठोपाठ गुजरात स्टेट फर्टिलायझर्स आली. जड पाण्याला नेमका असाच शेजार हवा होता.

का हवा होता, ते जरा सविस्तर सांगतो, कारण मला यातच सगळी गंमत वाटते. खतासाठी अमोनिया करायचा तर नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचं मिश्रण लागतं, आणि मोठ्या खत कारखान्यात हायड्रोजन प्रचंड प्रमाणात वाहत असतो. त्यातला ड्युटेरियम कुणाच्याच उपयोगाचा नसतो. तो युरियाबरोबर शेतात जातो. बडोद्याच्या प्रकल्पात हा वायू खत कारखान्यातून नळानं घ्यायचा, हवेच्या शेकडो पट दाबाखाली थंड द्रव अमोनियाच्या भेटीला पाठवायचा, आणि पोटॅशियम अमाइडच्या मदतीनं वायूतला ड्युटेरियम अमोनियात उतरवून घ्यायचा. ड्युटेरियम काढून घेतलेला वायू परत खत कारखान्याला. त्याचं काही बिघडत नाही; त्याचा अमोनिया होतो, युरिया होतो, पोत्यात भरून पादऱ्याच्या, डभोईच्या शेतकऱ्याकडे जातो. तंबाखूच्या शेतात पडणारं खत आणि अणुभट्टीत जाणारं पाणी एकाच नळातून निघालं होतं. हे तंत्र फ्रेंच मंडळींचं. पुढे तुतिकोरीनलाही हेच वापरलं गेलं. अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्सच्या शेजारी आणि हजिऱ्याला क्रिभकोच्या शेजारी उभे राहिलेले प्रकल्पही अमोनियाच्याच वाटेनं गेले. या सगळ्याची एक अडचण कायमची: खत कारखाना थांबला की जड पाणीही थांबतं.

बडोद्याचं काम चालू असतानाच १८ मे १९७४ चा दिवस उजाडला. पोखरणला भारतानं पहिला अणुस्फोट केला आणि त्याला 'शांततामय' म्हटलं. प्लुटोनियम सायरसमधलं होतं. कॅनडानं काही दिवसांतच सहकार्य थांबवलं आणि १९७६ मध्ये कायमचं तोडलं. राजस्थानात रावतभाट्याची पहिली भट्टी नुकती चालू झाली होती. दुसरी कॅनडाच्या मदतीवाचून अडकली आणि तिची वीज यायला १९८१ उजाडलं. वॉशिंग्टनमध्ये सिनेटपुढे प्रश्न आला, की या प्लुटोनियमसाठी अमेरिकेचं जड पाणी वापरलं गेलं का? आधी टाळाटाळ झाली, पण १९७६ मध्ये परराष्ट्र खात्याला त्याची दाट शक्यता मान्य करावी लागली. अणुसाहित्य पुरवणाऱ्या देशांनी गट केला. कुणाला काय देताना देखरेखीची, म्हणजे ते बॉम्बकडे वळत नाही ना हे आंतरराष्ट्रीय निरीक्षकांनी तपासण्याची, अट घालायची याच्या त्यांच्या यादीत युरेनियम, भट्ट्या यांच्याबरोबर जड पाणीही होतं.

माझं मत सरळ सांगतो. १९५६ च्या कागदावरच्या शब्दाला भारतानं ताण दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. कॅनडाला फसवलं गेल्यासारखं वाटलं, ते अकारण नव्हतं. आणि त्याच वेळी हेही खरं, की अण्वस्त्रप्रसारबंदी करारानं पाच देशांची अस्त्रं कायदेशीर धरली आणि बाकीच्यांना हात बांधून उभं केलं. भारतानं त्यावर सही केली नाही, आजही केलेली नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही.

बडोद्याचा प्रकल्प १९७७ मध्ये सुरू झाला. देशाला त्याची निकड होती तेव्हाच, त्याच वर्षाच्या डिसेंबरात, तिथं स्फोट झाला आणि प्रकल्प बंद पडला. पुन्हा सुरू व्हायला १९८० उजाडलं. पोटॅशियम अमाइड हवेशी आणि पाण्याशी भयंकर वागतं, दाब प्रचंड, आणि असं तंत्र हाताळायचा अनुभव देशात कुणालाच नव्हता. ओडिशातल्या तालचेरच्या आणि तुतिकोरीनच्या प्रकल्पांचंही गाडं रखडत होतं. रावतभाट्याच्या दुसऱ्या भट्टीसाठी सोव्हिएत संघाकडून पाणी घ्यावं लागलं, आणि ते आंतरराष्ट्रीय देखरेखीची अट मान्य करूनच.

मग ऐंशीच्या दशकात परीक्षा आली. १९८३ मध्ये कल्पाक्कमची पहिली भट्टी चालू झाली, १९८५ मध्ये तुर्भ्याला १०० मेगावॉटची 'ध्रुव'. दोन्हींना भरपूर जड पाणी हवं होतं आणि दोन्ही कुणाच्याही देखरेखीखाली नव्हत्या. देशातले प्रकल्प तर धापा टाकत होते. मग पाणी आलं कुठून? परदेशी अभ्यासकांनी हिशोब मांडले, ते जुळेनात. पुढे नॉर्वेतच उघड झालं, की १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीसाठी म्हणून निघालेलं १५ टन जड पाणी आल्फ्रेड हेम्पेल या जर्मन व्यापाऱ्यामार्फत भारतात पोचलं होतं. एकेकाळी हिटलरच्या हाती लागू नये म्हणून ज्या देशातल्या तरुणांनी कारखाना उडवला, त्याच देशाचं पाणी आता आडवाटेनं मुंबईला आलं.

नव्वदच्या दशकात मात्र चित्र पालटलं. कोटा, थळ, मनुगुरू, हजिरा असे प्रकल्प एकेक करून मार्गी लागले आणि जड पाण्याची चणचण संपली. दक्षिण कोरियानं आपल्याकडून विकत घेतलं. ज्या वस्तूसाठी हात पसरावे लागले, ती विकण्याइतकी झाली. बडोद्यासारख्या ठिकाणी धडपडत शिकलेल्या अभियंत्यांचं आणि कामगारांचं हे यश आहे. त्यांची नावं कुठल्याही भाषणात येत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

जुलै २००५ मध्ये मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांनी अणुसहकार्याची घोषणा केली आणि जी रेघ इतकी वर्षं कुणी काढली नव्हती, ती काढायची वेळ आली. मुलकी कारखाने एका बाजूला, लष्करी दुसऱ्या. या वाटाघाटींत अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते अनिल काकोडकर, आपल्याच निमाडातल्या बडवानीत जन्मलेले. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांनी जाहीर मुलाखत देऊन फास्ट ब्रीडर, म्हणजे जाळते त्याहून जास्त इंधन तयार करणारी, भट्टी देखरेखीखाली देण्याला विरोध केला, आणि ती बाहेरच राहिली. मार्च २००६ च्या आराखड्यात २२ पैकी १४ भट्ट्या देखरेखीखाली आणायचं ठरलं, सायरस २०१० मध्ये बंद करायचं ठरलं. जड पाण्याच्या प्रकल्पांपैकी तीन मुलकी म्हणून लिहिले गेले: थळ, तुतिकोरीन आणि हजिरा.

बडोदं त्या यादीत नाही.

२००८ च्या जुलैत या करारावरून डाव्यांनी पाठिंबा काढला, २२ तारखेला सरकार २७५ विरुद्ध २५६ मतांनी वाचलं, ६ सप्टेंबरला व्हिएन्नात पुरवठादार गटानं भारताला सूट दिली. त्या दिवसांत सुरसागरच्या काठावर बसणारी मंडळीही कराराबद्दल हिरीरीनं बोलत होती. आपल्या शहरातला कारखाना त्या रेघेच्या कुठल्या बाजूला पडला, हे मात्र कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

बडोद्याच्या प्रकल्पात पुढे दुसरी कामं आली. तिथं ट्रायब्युटाइल फॉस्फेट नावाचं द्रावक होऊ लागलं. भट्टीतून निघालेलं वापरलेलं इंधन आम्लात विरघळवून त्यातलं युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं काढायला हेच लागतं. इंधन वीजघरातलं असो की ध्रुवमधलं, द्रावक तेच. दक्षिणेला काक्रापारला आपल्याच बनावटीच्या ७०० मेगावॉटच्या दोन भट्ट्या चालू झाल्या, त्यांतली एक २०२३ मध्ये आणि दुसरी २०२४ मध्ये वीज विकू लागली. त्यांतही जड पाणीच आहे, आणि गुजरातच्या वाट्याची वीज घेणाऱ्या सरकारी कंपनीचं मुख्यालय आपल्या रेसकोर्सला आहे.

दर वर्षी १ जानेवारीला भारत आणि पाकिस्तान आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांच्या हाती देतात. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, हा करार ३१ डिसेंबर १९८८ चा. पहिल्या याद्या १९९२ मध्ये दिल्या गेल्या आणि युद्धाच्या, तणावाच्या वर्षांतही हा रिवाज मोडला नाही. याद्या दोन्ही सरकारांकडे असतात, लोकांपुढे येत नाहीत. संरक्षणासाठी काही गोष्टी झाकून ठेवाव्या लागतात, हे मला पटतं. पण अमोनियाची गळती झाली तर कुठल्या दिशेला पळायचं, वारा कसा पाहायचा, हे कारखान्याजवळच्या छाणी आणि बाजव्यातल्या प्रत्येक घराला पाठ असायला हवं. त्यात झाकण्यासारखं काही नाही.

१९७७ च्या डिसेंबरात त्या आवारात काम करणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. स्फोट झाला तेव्हा काय दिसलं, कसलं दुरुस्तीचं काम तीन वर्षं चाललं, फ्रेंच नकाशांवरून आपल्या लोकांनी काय काय नव्यानं शिकून घेतलं, हे त्यांच्या तोंडून ऐकून मराठीत लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. आपल्यापैकी कुणाच्या घरात असे आजोबा असतील, तर या उन्हाळ्यात त्यांच्यापाशी वही घेऊन बसा.