शरदाच्या रात्री कोणतं पुस्तक घ्यावं?
भयकथा, गूढकथा आणि रहस्यकथा निवडताना : आमच्या वाचकांसाठी माहितीपत्रक

पाऊस उघडतो, ऑक्टोबरचं ऊन चटके द्यायला लागतं आणि त्याच सुमारास दुकानात एक मागणी हमखास वाढते. "भाऊ, भेव वाटलं पाहिजे असं काही द्या ना." शब्द तेच असतात, पण मागणाऱ्या दोघांना एकच पुस्तक चालेल असं सहसा होत नाही. एकाला दिवा मालवायची धास्ती वाटायला हवी असते, दुसऱ्याला खून कोणी केला हे शोधत जागायचं असतं, तिसऱ्याला पुस्तक मिटल्यावर दोन दिवस डोक्यात घोळणारं काहीतरी हवं असतं. घाईत चुकीचं पुस्तक हाती पडलं की माणूस या सगळ्या प्रकारावरच फुली मारतो. तसं होऊ नये म्हणून हे पत्रक.

हा मोसम या वाचनाला खरंच साजेसा आहे. नागपुरात ऑक्टोबर लागताना सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबरच्या मध्यावर साडेपाचलाच अंधारायला लागतं. रात्री गारवा येतो, कूलर बंद होतो आणि त्याच्या घरघरीखाली दबलेले घरातले बारीकसारीक आवाज ऐकू यायला लागतात. सातवीण फुलते ती याच दिवसांत. तिचा उग्र वास रात्री जास्त जाणवतो, आणि या झाडावर भुतं राहतात अशी समजूत कित्येक गावांत आहे. तिच्या लाकडाच्या पूर्वी मुलांसाठी पाट्या करत, म्हणून तिच्या शास्त्रीय नावात (अल्स्टोनिया स्कोलॅरिस) विद्यार्थी आला. एकाच झाडाला शाळाही चिकटली आणि सैतानही. सर्वपित्री अमावस्या, कोजागरी, नरकचतुर्दशी हे सगळं याच सुमारास येतं. गेलेल्या माणसांची आठवण आणि रात्रीची जागरणं आपल्याकडे आधीपासून शरदातलीच आहेत.

शेवटी उत्तर हवं की नको?

पुस्तक निवडताना हा प्रश्न सगळ्यांत आधी स्वतःला विचारा. "आवडलं नाही" म्हणून परत येणाऱ्या पुस्तकांबद्दल आम्ही नेहमी खोदून विचारतो, आणि बहुतेक वेळा नाराजी शेवटच्या दहा पानांवर असते. पुस्तक वाईट नसतं, वाचकाने वेगळा शेवट मनात धरलेला असतो.

रहस्यकथेत लेखक शब्द देऊन बसलेला असतो : खुणा तुमच्यासमोर मांडीन आणि शेवटी सगळ्याचा उलगडा करीन. तो उलगडा पटला नाही तर दोष लेखकाचा. गूढकथा असा शब्द देत नाही. जे घडलं ते खरं की त्या माणसाच्या मनातलं, हे लेखक मुद्दाम सांगत नाही, आणि तिथेच तिची ताकद असते. भयकथेत समोर काय उभं आहे हे बऱ्याचदा लवकर कळतं. यातून ही माणसं सुटतील का, एवढा एकच प्रश्न उरतो आणि तो शेवटपर्यंत छातीवर बसतो.

दिवसभर ऑफिसात डोकं शिणलेल्या माणसाला आम्ही आधी रहस्यकथा सुचवतो. उत्तर मिळतं, झोप लागते. रविवारची मोकळी रात्र असेल, मन निवांत असेल, तर गूढकथा. भयकथा मात्र घरात दुसरं कोणी जागं असताना सुरू करावी, निदान पहिली तरी.

मराठीतलं कोणाचं काय

रहस्यकथेत बाबूराव अर्नाळकरांना (१९०६–१९९६) वगळून पुढे जाता येत नाही. हजाराहून जास्त रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. धनंजय, झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांनी मराठी घरांतल्या दोन पिढ्यांना वाचायची सवय लावली. आजच्या वाचकाला त्यातले योगायोग थोडे जास्त वाटतील, पण वेग अजून तसाच आहे. पुस्तकापासून दूर गेलेल्या बाबांसाठी किंवा आजोबांसाठी काही न्यायचं असेल तर अर्नाळकरांपासून सुरुवात करा. पुढच्या पिढीत सुहास शिरवळकर (१९४८–२००३) येतात. कॉलेजच्या मुलांना ते 'दुनियादारी'मुळे माहीत असतात, पण त्यांच्या दारा बुलंद आणि अमर विश्वास या नायकांच्या कथा वाचल्या की तीच मुलं पुन्हा दारात उभी राहतात. शेरलॉक होम्स मराठीत वाचायचा असेल तर भालबा केळकरांचे अनुवाद मागा.

भयकथेत नारायण धारप (१९२५–२००८). त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण चुकीच्या पुस्तकापासून सुरुवात करून सोडून देणारे वाचक इथे सगळ्यांत जास्त भेटतात. धारपांचं भय परदेशी किल्ल्यात घडत नाही. भाड्याची खोली, गावाबाहेरचं घर, वारशात आलेली वास्तू, असं ओळखीचं ठिकाण असतं, आणि त्या साध्या वर्णनात एखादी गोष्ट किंचित चुकलेली असते. त्यांच्या काही कादंबऱ्या इंग्रजी कथानकांवर बेतलेल्या आहेत, 'लुचाई' त्यांपैकीच. तरी त्यातलं गाव, घरं आणि माणसं इतकी आपली होऊन येतात की मूळ माहीत असलेला वाचकही दचकतो. नव्या वाचकाने एकदम जाडजूड कादंबरी घेऊ नये. आधी कथासंग्रह घ्यावा, एका रात्री एकच कथा वाचावी. त्यानंतर धारपांच्याच समर्थ या नायकाच्या कथा. तिथे दुष्ट शक्तीसमोर उभा राहणारा माणूस आहे, म्हणून भीतीला आधार मिळतो. आधार नसलेली भीती ज्यांना हवी आहे त्यांनी मगच पुढे जावं.

रत्नाकर मतकरींची (१९३८–२०२०) गोष्ट वेगळी. त्यांच्या गूढकथांत भूत असलं-नसलं तरी चालतं, माणूस पुरेसा असतो. शेजारी, नवरा, लहान मूल, रोजच्या ओळखीतलं कोणीतरी, आणि त्याच्या आत दडलेलं काहीतरी. शेवटच्या दोन-तीन ओळींत अख्खी कथा उलटते. म्हणून मतकरींचा संग्रह हातात घेतल्यावर शेवटचं पान चाळू नका, ही आमची कळकळीची विनंती. 'खेकडा' किंवा 'गहिरे पाणी' कुठूनही सुरू केलं तरी चालेल. भुताखेतांवर आपला विश्वास नाही, म्हणून ही पुस्तकं आपली नाहीत, असं मानणाऱ्यांना आम्ही मतकरीच देतो.

जी. ए. कुलकर्णींना (१९२३–१९८७) या कपाटात ठेवावं की नाही यावर आमच्याकडे वाद होतो. ते भयकथाकार नव्हेत. पण नियतीच्या अंधाराची जी भीती त्यांच्या कथांतून अंगावर येते ती इतर कुठे मिळत नाही. घाईत वाचायची कथा ही नव्हे. ज्यांनी मतकरी आणि धारप पचवले आहेत त्यांनी 'काजळमाया' घ्यावं आणि आठवडाभर वेळ द्यावा.

आणि एक शिफारस विदर्भातली. मारुती चितमपल्लींनी नवेगाव, नागझिरा, मेळघाटच्या रानांत नोकरी केली आणि ती रानं लिहून ठेवली. भयकथा एकही नाही, पण रात्रीच्या जंगलातले आवाज, आदिवासींच्या समजुती, वाट चुकवणारा चकवा हे सगळं त्यांच्या पानांवर आहे. सुट्टीत पेंच किंवा ताडोब्याला निघालेल्यांनी बॅगेत ठेवावं असं 'चकवाचांदण' आहे.

कोजागरीला गच्चीवर मोठ्याने वाचायला

दरवर्षी काही सोसायट्या आणि मित्रमंडळं विचारायला येतात : दूध आटेपर्यंत सगळ्यांना ऐकवता येईल असं काय आहे? आमचं ठाम उत्तर वेताळपंचविशी.

गोष्टी जुन्या आहेत. सोमदेवाच्या कथासरित्सागरात, म्हणजे अकराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात, त्या आहेत, आणि तिथला राजा आपल्याच मुलखातला आहे : गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आजच्या पैठणचा. एका भिक्षूला दिलेल्या शब्दाखातर हा राजा रात्री स्मशानात जातो, झाडावर लटकलेलं प्रेत खांद्यावर घेतो आणि चालू लागतो. प्रेतातला वेताळ वाटेत गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडं घालतो. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकलं होणार, बोलला तर वेताळ परत झाडावर जाणार. राजा बोलतो आणि पुन्हा त्याच झाडाकडे वळतो.

मोठ्याने वाचायला याहून चांगली रचना आम्हाला सापडलेली नाही. भय बाहेरच्या गोष्टीत आहे, रहस्य आतल्या गोष्टीत, आणि प्रत्येक कोड्यापाशी थांबायला जागा आहे. वाचणाऱ्याने तिथे पुस्तक मिटावं आणि गच्चीवरच्या लोकांना उत्तर विचारावं. खरा त्यागी कोण, खरा नवरा कोण, दोष कोणाचा, असे प्रश्न असतात आणि आजी-नातवंडांची उत्तरं कधीच जुळत नाहीत. मग राजाचं उत्तर वाचावं. एका रात्रीत चार-पाच गोष्टी पुरतात. शेवटची मात्र वगळू नका, कारण तिथे राजाला उत्तर सुचत नाही, तो गप्प राहतो, आणि त्याच्या गप्प राहण्यानेच बाहेरच्या गोष्टीचा उलगडा सुरू होतो. आवृत्ती निवडताना मुलांसाठीची संक्षिप्त की पूर्ण हे आधी सांगा. पूर्ण आवृत्तीतले काही प्रसंग लहान मुलांसमोर वाचण्यासारखे नाहीत.

मुलांसाठी

भीतीची गोडी लहानपणीच लागते आणि ती लागू द्यावी. दुसरी-तिसरीतल्या मुलांना मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मधली चेटकीण पुरेशी आहे, आणि हे नाटक घरात भूमिका वाटून वाचलं तर मुलं चेटकीण व्हायला भांडतात. पाचवीनंतर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि मराठीत आलेला सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा. धारप निदान नववी-दहावीपर्यंत थांबू द्या. मूल स्वतः कपाटातून काढून घेऊन आलं तर आम्ही आधी तुम्हाला विचारतो, रागावू नका.

हिंदी आणि इंग्रजी

मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी राहिलेल्या या शहरात हिंदी सगळ्यांनाच येतं, म्हणून देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' (१८८८) आम्ही नेहमी ठेवतो. तिलिस्म (जादूई, सापळ्यांनी भरलेल्या वास्तू) आणि ऐयार (वेषांतर करणारे हेर) यांचं हे जग आहे. अंगावर काटा येणार नाही, पण खाली ठेवता येत नाही. इंग्रजीत रहस्य हवं असेल तर विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' (१८६८). १७९९च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईत लुटलेल्या हिऱ्यापासून ती सुरू होते.

ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' (१८९७) डायऱ्या, पत्रं, तारा आणि वर्तमानपत्रांची कात्रणं यांतून सांगितली आहे आणि प्रत्येक नोंदीवर तारीख आहे. ३ मेपासून सुरू होणारी गोष्ट ६ नोव्हेंबरला टोकाला पोहोचते. पहिला भाग दसऱ्याआधी संपवा, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या नोंदी त्या-त्या तारखेच्या रात्री वाचा. हे आम्ही मनापासून सुचवतो. सगळी उकल माहीत असली तरी थांबून थांबून वाचताना ती वेगळीच लागते.

कोणाला देत नाही, काय ठेवत नाही

घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर भुताची पुस्तकं आत्ता नेऊ नका. आम्हाला सांगितलंत तर दुसरं काही काढून देऊ. ज्यांना झोपेचा किंवा भीतीचा त्रास आहे, त्यांनी उत्तर देणाऱ्या रहस्यकथांवरच राहावं.

चेटूक, करणी, भूत उतरवणं, गुप्तधन शोधणं असल्या "विधींची" पुस्तकं आमच्याकडे मिळणार नाहीत. मागणी येते, आम्ही नाही म्हणतो. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि कायदा नसता तरी आमचं उत्तर हेच असतं. कथेतलं भूत पान मिटलं की संपतं. असल्या पुस्तकांच्या नादी लागून लोकांची घरं बसली आहेत. गोष्ट म्हणून जे आहे ते गोष्ट म्हणूनच वाचावं.

नेण्याआधी

पहिली दहा पानं दुकानात बसून वाचा, खुर्च्या त्यासाठीच आहेत. जुन्या प्रती घेताना शेवटची पानं शाबूत आहेत का हे आमच्यासमोर तपासून घ्या. रहस्यकथेत ती गेलेली असली तर पुस्तक फुकट. सीताबर्डीवर जुनी पुस्तकं घेतानाही हेच करा. डोळ्यांना त्रास असलेल्यांनी टाइप बघून आवृत्ती निवडावी, जुन्या रहस्यकथांची छपाई बारीक आणि पुसट असते.

आमच्या वाचनालयाच्या सभासदांना भयकथा जास्त वाटली तर ती अर्धवट वाचून बदलून नेता येईल, वेगळे पैसे नाहीत. विकत घेतलेलं पुस्तक मात्र नव्यासारखं असेल तरच बदलून मिळेल.

दिवाळी अंकांची नोंदणी नवरात्रात सुरू होते. गूढ आणि रहस्यकथांसाठी 'नवल' आणि 'धनंजय' मागणारे बरेच आहेत आणि आम्ही मोजक्याच प्रती मागवतो. त्यासाठी नाव आधी लिहून ठेवा. नोंदणी करताना या पत्रकातला पहिला प्रश्न आम्ही तुम्हाला विचारू, म्हणजे अंकासोबत कोणतं पुस्तक बाजूला काढून ठेवायचं ते ठरवता येईल.