ईपीएस-९५ ची पेन्शन तुटपुंजी का राहिली?

१९५२ च्या कायद्याने खासगी आस्थापनांतल्या कामगारांना भविष्यनिर्वाह निधी मिळाला, पेन्शन नाही. १९७१ ची योजना कुटुंब निवृत्तिवेतनाची होती, म्हणजे कामगार गेल्यावर घरच्यांसाठी. हयातीत दरमहा पेन्शन १६ नोव्हेंबर १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेने, म्हणजे ईपीएस-९५ ने आली.

कामगाराच्या स्वतःच्या वर्गणीतला एक पैसाही पेन्शन फंडात जात नाही. पगाराच्या ८.३३ टक्के मालकाच्या वाट्यातून आणि १.१६ टक्के केंद्र सरकारकडून येतात, तेही ठरलेल्या पगारमर्यादेपर्यंतच. ही मर्यादा आधी ५,०००, जून २००१ पासून ६,५०० आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये. हातात चाळीस हजार येत असले, तरी हिशेब सहसा मर्यादेवरच होतो.

सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार (मर्यादेपर्यंतच्या शेवटच्या पगारांची सरासरी) गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. गोम पुढे आहे. २०१४ पूर्वीच्या सेवेला ६,५०० ची आणि नंतरच्याच सेवेला १५,००० ची मर्यादा लागते. १९९५ ला लागून २०२४ मध्ये ५८ व्या वर्षी निवृत्त झालेल्याचे पहिल्या १९ वर्षांचे सुमारे १,७६४ आणि पुढच्या १० वर्षांचे २,१४३ रुपये होतात. वीस वर्षांच्या सेवेबद्दल मिळणारी दोन वर्षं जोडूनही आकडा चार हजारांच्या थोडाच वर जातो. शिवाय २०१४ पासून ही सरासरी शेवटच्या १२ नव्हे, ६० महिन्यांच्या पगाराची धरतात.

खरी इजा महागाईने होते. सरकारी पेन्शनीसारखा महागाई भत्ता या योजनेत नाही, त्यामुळे एकदा बसलेला आकडा वर्षानुवर्षं तोच राहतो. २०१४ मध्ये किमान पेन्शन १,००० रुपये झाली. तेवढ्यात महिन्याची औषधंही भागत नाहीत. किमान ७,५०० आणि वर महागाई भत्ता, ही पेन्शनरांची मागणी आम्हाला रास्त वाटते.

काही नुकसान मात्र टाळता येतं. नोकरी बदलताना फॉर्म १०-सी भरून पेन्शनची रक्कम काढली, की ती सेवा पुसली जाते. त्याऐवजी त्याच फॉर्मवर झालेली सेवा पुढे जोडता येईल असा दाखला, म्हणजे स्कीम सर्टिफिकेट घ्यावं किंवा खातं ट्रान्सफर करावं. साडेनऊ वर्षं भरली तर दहा धरतात, त्याहून कमी असेल तर मासिक पेन्शन नाही. पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेता येते, पण ५८ च्या अलीकडच्या दर वर्षामागे ४ टक्के कायमचे कापले जातात.