केळीच्या टिश्यू कल्चरची पार्श्वभूमी: हाबरलांटच्या प्रयोगापासून जी-नाईनपर्यंत

खाण्याच्या केळीला बी धरत नाही. कॅव्हेंडिश गटातल्या केळीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे बीज तयार होत नाही, फळ मात्र बीजाशिवायही भरते. म्हणून जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या जुन्या बागेतले मुनवे (कंदातून फुटणारी पिले) खणून नव्या बागेत लावले गेले. मुनव्यासोबत सूत्रकृमी, कंदातली सोंडकीड आणि विषाणूही नव्या शेतात पोचत. शिवाय मुनवे लहानमोठे, त्यामुळे बाग एकाच वेळी निसवत नसे आणि काढणी लांबत जाई. आज याच पट्ट्यात ग्रँड नैन, म्हणजे शेतकऱ्यांची जी-नाईन, टिश्यू कल्चरच्या, म्हणजे बाटलीत निर्जंतुक पोषक माध्यमावर ऊतींपासून वाढवलेल्या, रोपांवर उभी आहे. जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्याने सुरुवात जनुकबदलापेक्षा इथून करावी, कारण जनुकबदल केलेल्या पेशीचे पूर्ण झाड करायलाही शेवटी हीच विद्या लागते.

१९०२ साली ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलिब हाबरलांट याने पानातल्या सुट्या पेशी साखर घातलेल्या क्षारद्रावणात ठेवल्या. एका पेशीतून पूर्ण झाड व्हायला हवे, हा त्याचा तर्क. पेशी काही आठवडे जगल्या, आकाराने वाढल्या, पण एकही विभागली नाही. तर्क बरोबर होता. साहित्य चुकले होते. पूर्ण वाढ झालेल्या पानाच्या पेशी विभाजनाला सर्वांत नाखूष असतात आणि त्यांना विभाजनाला लावणारी संप्रेरके तेव्हा कोणालाच माहीत नव्हती.

ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाचा उलगडा १९२०-३०च्या दशकांत झाला. १९३९ मध्ये फ्रान्समध्ये गोत्रे आणि नोबेकूर, तर अमेरिकेत व्हाइट यांनी स्वतंत्रपणे ऊती सलग वाढवत ठेवून दाखवल्या. पण पेशींची नुसती आकारहीन गाठ वाढत राही, तिला हमखास कोंब फोडता येत नव्हता. ती कडी जोडली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात. १९५५ मध्ये मिलर, स्कूग आणि सहकाऱ्यांनी हेरिंग माशाच्या शुक्राणूंच्या डीएनएपासून कायनेटिन हे पेशी विभागायला लावणारे द्रव्य (अशा द्रव्यांना सायटोकायनिन म्हणतात) वेगळे केले. ताजा डीएनए निष्प्रभ होता. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात) तापवल्यावर मात्र तो पेशींना विभागायला लावी. १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी नियम मांडला: ऑक्सिन जास्त तर मुळे, सायटोकायनिन जास्त तर कोंब, दोन्ही मध्यम प्रमाणात तर नुसती गाठ. आजची प्रत्येक व्यावसायिक प्रयोगशाळा या एका गुणोत्तरावर चालते.

१९६२ चे मुराशिगे-स्कूग माध्यम, प्रयोगशाळेतले ‘एमएस’, हा खरे तर आडवळणाचा शोध. तंबाखूच्या पानांच्या अर्काने ऊती जोमाने का वाढतात, हे मुराशिगे आणि स्कूग शोधत होते. बरेचसे श्रेय अर्कातल्या खनिजांचे निघाले. म्हणून त्यांनी नत्र आणि पालाश आधीच्या माध्यमांपेक्षा खूप वाढवले: लिटरला १६५० मिलिग्रॅम अमोनियम नायट्रेट आणि १९०० मिलिग्रॅम पोटॅशियम नायट्रेट. लोह ईडीटीए या धातू धरून ठेवणाऱ्या रसायनाशी बांधून दिल्याने ते तळाशी बसून वाया जाण्याची जुनी अडचणही टळली. सोबत ३० ग्रॅम साखर, माध्यम गोठवायला ८ ग्रॅमच्या आसपास अगार, पीएच (आम्लता) ५.८. पीएच अगार घालण्याआधी जुळवावा. तो ५ च्या खाली गेला तर माध्यम नीट गोठत नाही, ६ च्या वर गेला तर फार घट्ट होते.

भारतात या विषयाचा पाया दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी यांनी घातला. तिथेच १९६४ मध्ये शिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशातून एकगुणित (गुणसूत्रांचा अर्धा संच असलेले) भ्रूण मिळवले. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मस्कारेन्हस यांच्या गटाने १९८० मध्ये निवडक सागाची रोपे ऊतींपासून केली आणि १९९० मध्ये बांबूला बाटलीतच फुलोरा आणला.

केळीत काम सुरू होते तलवारी मुनव्यापासून, म्हणजे अरुंद तलवारीसारख्या पानांच्या पिलापासून. पापुद्रे सोलत वाढबिंदूपर्यंत यायचे, सोडियम हायपोक्लोराइटने निर्जंतुक करायचे आणि साधारण सेंटिमीटरभर तुकडा लिटरला ४-५ मिलिग्रॅम बीएपी (एक सायटोकायनिन) असलेल्या माध्यमात ठेवायचा. माध्यम आधी १२१ अंशांवर १५-२० मिनिटे ऑटोक्लेव्ह केलेले असते. पहिल्या काही दिवसांत कापलेल्या भागातून फिनॉल झिरपून माध्यम काळे पडते. तुकडा लवकर नव्या बाटलीत हलवला नाही तर तो मरतो. ॲस्कॉर्बिक आम्लाने हे बरेच आटोक्यात येते. बुरशी आठवड्याभरात दिसते आणि बाटली फेकता येते. कंदात दडलेले जिवाणू मात्र दोन-तीन फेऱ्यांनंतर तळाशी पांढुरक्या ढगासारखे वर येतात, तोवर ते पुढच्या सगळ्या बाटल्यांत गेलेले असतात.

दर ३-४ आठवड्यांनी कोंबांचा झुबका विभागतात. एकाचे तीन धरले तरी सहा फेऱ्यांत ७२९ होतात, आणि मोह इथेच होतो. फेऱ्या वाढल्या की मूळ झाडाहून वेगळी रोपे वाढतात. केळीत त्यांत बुटकी सर्वांत जास्त. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा आठ फेऱ्यांच्या आसपास थांबतात. याच दोषाचा तैवानच्या केळी संशोधन संस्थेने उपयोग केला: अशा वेगळ्या रोपांतून तिने मर रोगाला दाद न देणारे वाण निवडले.

मुळे फुटली म्हणजे काम झाले असे नाही. बाटलीत हवा दमट, म्हणून पानावर मेणाचा थर पातळ असतो आणि पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत. थेट उन्हात नेले तर रोप तासाभरात मान टाकते. अगार धुऊन काढायचा, नाहीतर साखरेवर बुरशी येते. मग कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुश्याच्या) ट्रेमध्ये दमट हवेत ४-६ आठवडे, पुढे पिशवीत शेडनेटखाली आणखी तितकेच. बुटकी रोपे इथेच वेचून काढावीत. शेतात ती ओळखेपर्यंत खत-पाणी वाया गेलेले असते.

विषाणूंची बाब सगळ्यांत गंभीर आहे. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी डेलियाच्या अगदी टोकाच्या, मिलिमीटरहून लहान वाढबिंदूपासून विषाणूमुक्त झाड मिळवले, कारण त्या टोकापर्यंत विषाणू सहसा पोचत नाही. व्यवसायात मात्र सेंटिमीटरचा तुकडा घेतात, म्हणजे ती हमी राहत नाही. मातृवृक्षात पर्णगुच्छाचा विषाणू असेल तर त्याच्याही हजार प्रती निघतात. म्हणूनच मातृवृक्षाची आणि रोपांच्या प्रत्येक तुकडीची एलायझा किंवा पीसीआर ही विषाणू ओळखणारी चाचणी हवी. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची २००६ पासूनची प्रमाणपत्र योजना याच चाचण्यांवर उभी आहे.

आणि रोगमुक्त रोप रोगप्रतिकारक नसते. काकडी मोझॅकचा विषाणू, म्हणजे हरण्या, मावा किडीमार्फत काकडीवर्गीय पिके आणि तणांतून येतो आणि कोवळ्या रोपांना आधी धरतो. बागेत आणि बांधावर काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो घेऊ नयेत. पानावर पिवळे पट्टे दिसलेले रोप कंदासकट उपटून बागेबाहेर नष्ट करावे.