सिम्युलेशन (परिचर्या शिक्षणातील)

खऱ्या रुग्णाला हात लावण्याआधी तसाच प्रसंग उभा करून सराव करण्याची पद्धत. मराठीत ‘सदृशीकरण’ असा शब्द आहे, पण नर्सिंगच्या मुली ‘सिम्युलेशन’ म्हणतात आणि पुतळ्याला सरळ ‘डमी’.

कल्पना जुनीच. १९११ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालयाच्या परिचर्या शाळेत माणसाएवढी बाहुली आली, ‘मिसेस चेस’. ती घडवणाऱ्या मार्था चेस बाहुल्याच बनवत. जीव वाचवण्याच्या सरावासाठीची १९६० ची बाहुली ‘रेसुसी ॲन’ही नॉर्वेतील खेळणीवाले ऑसमुंड लेर्डाल यांची. हृदय बंद पडलेल्या मोठ्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंमी खोल दाबायची, ही लय हाताला अशाच पुतळ्यावर बसते.

डमी महागडाच लागतो असे नाही. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव शिकवताना शिक्षिका कृत्रिम पोट कमरेला बांधून खाटेवर पडते. पिशवीतले लाल पाणी चादरीवर पसरू लागते. विद्यार्थिनीने गर्भाशय चोळायचे, मदतीला हाक मारायची आणि किती रक्त गेले याचा अंदाज सांगायचा. हा अंदाज बहुधा कमीच निघतो. खरे शिकणे त्यानंतरच्या चर्चेत, म्हणजे डीब्रीफिंगमध्ये होते. ‘हाक मारायला उशीर का झाला?’ हे न रागावता विचारणारी शिक्षिका नसेल, तर लाखोंचा डमीही नुसता शोभेचा.

सोलापुरात आणखी एक अडचण आहे : भाषा. पूर्व भागातली विडी वळणारी बाई ‘कडुपु नोप्पि’ म्हणते, अक्कलकोटकडची आजी ‘होट्टे नोवु’. दोघींचेही पोटच दुखते आहे, पण मराठीच येणारी विद्यार्थिनी गोंधळते. इथे डमीपेक्षा नटवलेला रुग्ण कामाचा. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या वर्गमैत्रिणीला खाटेवर झोपवावे आणि मराठीचा एक शब्दही बोलायचा नाही, अशी ताकीद द्यावी, खर्च शून्य. पंढरीच्या वाटेवर भोवळ येऊन पडलेला वारकरीही असाच उभा करता येतो.

वॉर्डातल्या कामाची जागा सिम्युलेशनने किती घ्यावी, यावर मतभेद आहेत. अमेरिकेतील परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेच्या २०१४ च्या अभ्यासात निम्म्यापर्यंत तास असे बदलूनही विद्यार्थ्यांची तयारी कमी पडली नाही. मात्र शिक्षक प्रशिक्षित होते आणि साधने पुरेशी होती. भारतीय परिचर्या परिषदेच्या सत्र पद्धतीच्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमातही सिम्युलेशनला जागा आहे. तरी डमीच्या हाताची शीर दर वेळी ठरल्या जागीच असते. जुलाबाने सुकलेल्या पोराची शीर शोधायला वॉर्डातच उभे राहावे लागते.