भाजीपाला पिकांसाठी कंपोस्ट आणि वनस्पतींचे अवशेष

पालापाचोळा, पेंढा, कोवळे तण, शेण व भाज्यांचे टाकाऊ भाग एकत्र कुजवून कंपोस्ट तयार होते. पीक काढल्यावर शेतात उरणारी पाने, देठ व मुळे आणि मुद्दाम वाढवून फुलोऱ्याच्या सुमारास गाडलेली हिरवळीची पिके हे वनस्पतींचे अवशेष होत. या दोन्हींचा भाज्यांच्या पोषणासाठी होणारा वापर फार जुना आहे. मात्र कुजवण्याच्या क्रियेला शिस्तबद्ध रूप मिळाले ते विसाव्या शतकात. इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी बसवलेली थरांची पद्धत ‘इंदूर पद्धत’ म्हणून आजही ओळखली जाते.

अवशेषांतील बहुतेक नत्र (नायट्रोजन) प्रथिनांत व इतर सेंद्रिय संयुगांत अडकलेला असतो. तो पिकाला मिळण्यापूर्वी सूक्ष्मजीवांनी त्याचे अमोनियम व नंतर नायट्रेट या रूपांत परिवर्तन करावे लागते. ही क्रिया कोणत्या दिशेने जाईल हे मुख्यतः कर्ब-नत्र गुणोत्तरावर, म्हणजे पदार्थातील कर्ब (कार्बन) नत्राच्या किती पट आहे यावर अवलंबून असते. कोवळ्या द्विदल (शेंगवर्गीय) वनस्पतींत हे गुणोत्तर साधारण १५ ते २० : १ असते व त्यांतील नत्र काही आठवड्यांतच मोकळा होऊ लागतो. गव्हाच्या काडात ते ८० : १ च्या आसपास, तर लाकडाच्या भुशात २०० : १ पेक्षाही जास्त असते. असे कर्बप्रधान पदार्थ जमिनीत मिसळले, की जीवाणू व बुरशी स्वतःच्या वाढीसाठी मातीतलाच नत्र उचलतात. याला नत्राचे अचलीकरण म्हणतात. नुकत्याच लावलेल्या रोपांची खालची पाने पिवळी पडून वाढ थांबते, ती बरेचदा यामुळेच. हाच पेंढा गाडण्याऐवजी ओळींमध्ये आच्छादन म्हणून पसरला, तर मातीशी त्याचा संपर्क कमी राहतो, नत्राची ओढाताण फारशी होत नाही आणि ओलही टिकते.

ढीग रचताना ओला, हिरवा माल व कोरडा माल यांचे मिश्रण २५ ते ३० : १ या कर्ब-नत्र गुणोत्तराजवळ ठेवतात. ओलावा ५० ते ६० टक्के असावा. मूठभर माल हातात घट्ट दाबल्यावर हात ओला व्हावा, एखाददुसरा थेंब सुटावा, पण पाण्याची धार लागू नये, एवढी परीक्षा पुरते. हवा खेळती असेल तर ढिगाचे तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत चढते व बरीचशी तणबीजे आणि रोगजंतू मरतात. मात्र ढिगाची बाहेरची बाजू कधीच इतकी तापत नाही, म्हणून उलथापालथ टाळता येत नाही. कोबीच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या रोगाचे बीजाणू फार चिवट असल्यामुळे तशी रोगट मुळे ढिगात न टाकलेलीच बरी.

तयार कंपोस्टमधला नत्र हिशेबात धरताना सर्वांत मोठी चूक होते. हेक्टरी २० टन कंपोस्ट घातले, त्यात ४० टक्के ओलावा आणि कोरड्या वजनाच्या १.५ टक्के नत्र आहे असे धरले, तर एकूण नत्र १८० किलो भरतो. आकडा घसघशीत वाटतो. पण त्यातला १० ते २० टक्केच, म्हणजे १८ ते ३६ किलो, पहिल्या हंगामात पिकाला मिळतो. फुलकोबीचे चांगले पीक १५० ते २५० किलो नत्र उचलते आणि त्यातील बराचसा भाग गड्डा भरण्यापूर्वीच्या काही आठवड्यांतच. त्यामुळे कंपोस्टकडे पिकाचे तातडीचे खाद्य म्हणून न पाहता मातीची घडण, जलधारणा व दीर्घकालीन सुपीकता वाढवणारे साधन म्हणून पाहणे अधिक योग्य ठरते. थंड मातीत सूक्ष्मजीव मंदावतात, तेव्हा ही तफावत आणखी वाढते.

ताज्या अवशेषांची अडचण नेमकी उलट असते. फुलकोबी किंवा ब्रोकोली काढल्यानंतर शेतात राहिलेल्या पानादेठांत हेक्टरी १०० किलोपेक्षा अधिक नत्र असू शकतो. ती पाने रसरशीत व नत्राने समृद्ध असल्याने गाडल्यावर भराभर कुजतात. शेत रिकामे राहिले व मोठा पाऊस झाला, तर तयार झालेले नायट्रेट खाली झिरपून भूजलात जाते. म्हणून लगेच दुसरे पीक घेणे, किंवा पेरणी लांबणार असेल तर गाडणीही लांबवणे हिताचे असते. गाडणी व पेरणी यांत दोन ते चार आठवड्यांचे अंतर मात्र हवे, कारण अर्धवट कुजलेल्या पाल्यावर रोपे कोलमडवणाऱ्या बुरशी वाढतात आणि बियाणे पोखरणाऱ्या माश्याही तिथेच अंडी घालतात. गाजराला न कुजलेल्या खताची ढेकळे आडवी आली, तर मुळाला फाटे फुटतात. टोमॅटो किंवा भोपळावर्गीय वेलींना तेवढा त्रास होत नाही.

वर्षानुवर्षे फक्त कंपोस्टवर नत्राची गरज भागवू पाहिल्यास मातीत स्फुरद (फॉस्फरस) साठत जातो, कारण कंपोस्टमध्ये उपलब्ध नत्राच्या मानाने स्फुरद पिकाच्या गरजेहून जास्त असतो. शेणखतापासून केलेल्या कंपोस्टमध्ये क्षारही अधिक असू शकतात, आणि घेवडा, गाजर व कांदा ही पिके क्षारांना विशेष संवेदनशील आहेत. याहून छुपा धोका काही तणनाशकांचा. क्लोपायरॅलिड व अमिनोपायरॅलिड ही द्रव्ये फवारलेल्या गवतात, ते खाल्लेल्या जनावरांच्या शेणात आणि त्यापासून बनलेल्या कंपोस्टमध्येही टिकून राहतात. त्यामुळे बाहेरून आणलेल्या कंपोस्टची मातीत मिसळून कुंडीत घेवड्याच्या बियांवर चाचणी घेतात व शेजारी नुसत्या मातीची कुंडी ठेवतात. दोन-तीन आठवड्यांत कंपोस्टच्या कुंडीतली नवी पाने वाटीसारखी वळली किंवा शेंडा पिळवटला, तर ते कंपोस्ट टोमॅटो, वाटाणा व घेवडा यांना वापरू नये. मका व इतर तृणवर्गीय पिके मात्र ही द्रव्ये बऱ्याच प्रमाणात सहन करतात.