मुशी प्रॉडक्शन की तेझुका प्रॉडक्शन्स: ॲटम नक्की कुणाचा?

'ॲस्ट्रो बॉय', म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांमधला यंत्रमानव मुलगा ॲटम, कुठल्या स्टुडिओचा, असं विचारलं की कुणी मुशी प्रॉडक्शन सांगतं, कुणी तेझुका प्रॉडक्शन्स. दोघंही बरोबर असू शकतात. दोन्ही स्टुडिओ ॲटमचे जनक, जपानी चित्रकथाकार ओसामू तेझुकांनीच काढले, आणि ॲटमची मालिका दोघांनीही केली.

मालिका कृष्णधवल असेल तर ती मुशीची. तोक्योच्या नेरिमा भागात, तेझुकांच्या घरालगत १९६१ साली हा स्टुडिओ सुरू झाला. 'मुशी' म्हणजे किडा. तेझुकांना लहानपणापासून कीटकांचं इतकं वेड, की टोपणनाव लिहितानाही त्यांनी किड्याचं अक्षर जोडून घेतलं. डोक्यात मात्र ॲनिमेशनचा किडा वळवळत होता. १ जानेवारी १९६३ पासून दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग! सेकंदाला चोवीस चित्रं काढत बसणं परवडणारच नव्हतं. मग ॲटम बोलताना चेहरा तसाच ठेवायचा, फक्त ओठ बदलायचे. उडतानाचं चित्र एकदा काढून जपून ठेवायचं आणि मागचं आभाळ बदलून पुढच्या भागात पुन्हा चालवायचं. अडचणीपोटी केलेली ही काटकसर पुढे जपानी टीव्ही ॲनिमेशनची रीतच होऊन बसली. मुशीने असे १९३ भाग काढले.

म्हणून मुशीचं सगळंच तेझुकांच्या लेखणीतलं, असं मात्र नाही. १९७० सालची 'आशिता नो जो' ही बॉक्सरची मालिका मुशीचीच, पण मूळ चित्रकथा दुसऱ्यांची. १९७१ मध्ये तेझुका मुशीतून बाहेर पडले आणि १९७३ मध्ये स्टुडिओचं दिवाळं वाजलं. तोवर तिथे तयार झालेल्या मंडळींनी सनराइज आणि मॅडहाउस हे ॲनिमेशन स्टुडिओ थाटले होते. माझ्या मते मुशीची खरी कमाई हीच.

तेझुका प्रॉडक्शन्स १९६८ ची, म्हणजे मुशी चालू असतानाच निघालेली. सुरुवातीला तिथे तेझुकांच्या चित्रकथांचं काम चाले, ॲनिमेशन नंतर आलं. १९८० ची रंगीत ५२ भागांची ॲटम मालिका यांची. तेझुका १९८९ मध्ये गेले, पण त्यांच्या पात्रांचे हक्क आजही हीच कंपनी सांभाळते.

इथवर सोपं होतं. पण १९७७ मध्ये मुशीच्या जुन्या कर्मचाऱ्यांनी त्याच नावाने नवी कंपनी काढली. त्यामुळे त्यानंतरच्या एखाद्या चित्रपटावर 'मुशी प्रॉडक्शन' दिसलं, तर ती तेझुकांची जुनी मुशी नव्हे.